मेनोच्या गुलामानं खरंच काही शोधलं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. बी.एड.च्या निमित्तानं तुम्ही प्लेटोचा 'मेनो' हा संवाद वाचलात. त्यात सॉक्रेटिस भूमिती कधीच न शिकलेल्या एका गुलाम मुलाला चौरस दुप्पट करायला सांगतो. मुलगा शेवटी बरोबर उत्तरापर्यंत येतो आणि सॉक्रेटिस म्हणतो, मी काही शिकवलं नाही, याला आतूनच आठवलं. तुम्हाला ही हातचलाखी वाटते, कारण उत्तर प्रश्नातच पेरलेलं आहे, शेवटी कर्णाची रेघही सॉक्रेटिसच काढून देतो आणि मुलगा नुसती मान डोलावतो. तुमची दुसरी शंका अशी की, भरलेल्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासाला याचा शिक्षकाला उपयोग काय?

मी आयुष्यभर आठवी ते दहावीला भूमिती शिकवली आणि पुढे नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रसंग पुष्कळदा फळ्यावर मांडला. माझं मत सरळ सांगते. कर्णाची रेघ सॉक्रेटिसनंच काढून दिली हा तुमचा आक्षेप खरा आहे, तो मी खोडणार नाही. पण त्या रेघेच्या आधी मुलाची दोन चुकीची उत्तरं येतात. ती कोण खोडून काढतं ते नीट पाहिलं, तर हा प्रसंग वेगळा दिसायला लागतो.

पार्श्वभूमी आवश्यक तेवढीच. संवाद घडतो असं मानलं जातं तो काळ इ.स.पू. ४०२ च्या आसपासचा. मेनो हा उत्तर ग्रीसमधल्या थेसली प्रांताचा श्रीमंत तरुण, अथेन्सला पाहुणा आलेला, गॉर्जियस या नामांकित वक्त्याच्या वक्तृत्वानं भारलेला. आल्या आल्या तो विचारतो, सद्गुण शिकवून येतो, सरावानं येतो की जन्मतःच असतो? सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही, तर तो कसा येतो हे कुठून सांगू? मेनो व्याख्या देत जातो आणि त्या एकेक करून कोसळतात. मग तो चिडून सॉक्रेटिसला झटका देणाऱ्या चपट्या समुद्री माशाची उपमा देतो: जवळ येईल त्याला बधिर करणारा. त्याच दमात म्हणतो, सद्गुणावर मी हजारदा बोललोय, मोठमोठ्या सभांमध्ये बोललोय, उत्तम बोललोय, आणि आज तो काय आहे एवढंही सांगता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आणि मग मेनो तो प्रसिद्ध पेच टाकतो. जे मुळीच माहीत नाही, ते शोधणार कसं? आणि अचानक समोर आलंच, तरी हेच ते, हे ओळखणार कसं? या पेचाला उत्तर म्हणून सॉक्रेटिस म्हणतो, शिकणं म्हणजे आत्म्यानं पूर्वजन्मांत पाहिलेलं आठवणं, आणि ते दाखवायला मेनोच्या लवाजम्यातल्या एका मुलाला बोलावतो. तो घरातच जन्मलेला आहे, ग्रीक बोलतो, एवढंच आधी विचारून घेतो.

सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ किती? चार. याच्या दुप्पट चौरस किती फुटांचा? आठ. मग त्याची बाजू किती? मुलगा लगेच म्हणतो, उघडच आहे, दुप्पट.

इथे थांबा. प्रश्नातच उत्तर पेरलेलं असतं, असं तुम्ही म्हणता. मग या प्रश्नात काय पेरलं होतं? 'दुप्पट चौरस' म्हटल्यावर 'दुप्पट बाजू' हेच तोंडी येणार. म्हणजे सॉक्रेटिसच्या प्रश्नाचा ओढा मुलाला चुकीच्या उत्तराकडे नेतो आणि मुलगा तिकडे जातोही. सॉक्रेटिस चार फुटांची बाजू धरून चौरस काढतो, त्यात मूळचे चार चौरस बसतात, मुलगा मोजतो, सोळा येतात. हवे होते आठ. सॉक्रेटिसनं 'चूक' असा शेरा मारायची गरजच पडत नाही. मग बाजू दोनपेक्षा मोठी आणि चारपेक्षा लहान असणार, हेही मुलाकडून येतं, आणि तो म्हणतो, तीन. पुन्हा मोजणी, नऊ, पुन्हा चूक. दोन्ही वेळा उत्तर पाडलं ते मुलाच्या स्वतःच्या मोजणीनं. नुसता मान डोलावणारा पोरगा 'सोळा' या आकड्याशी अडून बसला नसता.

तुम्ही वर्गात उभे राहायला लागलात की याचं मोल कळेल. आपण 'चूक, बस खाली' म्हणतो तेव्हा मुलाला एवढंच समजतं की बाईंना हे उत्तर नको आहे. मग तो उत्तराकडे पाहायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. चौकटी मोजून सोळा आल्या, तर चेहऱ्याकडे पाहण्याचं कारणच उरत नाही.

यानंतरचं वाक्य मला अख्ख्या संवादातलं सर्वांत मोलाचं शिकवणं वाटतं, आणि बहुतेक वाचक त्यावरून सरळ पुढे जातात. तीन हा आकडाही बसत नाही म्हटल्यावर सॉक्रेटिस म्हणतो, बाजू किती ते नेमकं सांग, आणि आकड्यात सांगायची नसेल तर कुठल्या रेघेवरून ते नुसतं दाखव. हा पर्याय का दिला? कारण आठ फुटी चौरसाची बाजू पूर्ण संख्येतही सांगता येत नाही आणि अपूर्णांकातही नाही. ती २.८२८४… अशी कधी न संपणारी, कधी आवर्तनात न येणारी, अपरिमेय. मुलगा जन्मभर मोजत बसला असता तरी हाती लागली नसती. पण जमिनीवर ती सरळ दाखवता येते. मोजण्याचा रस्ता पुढे बंद आहे हे ज्याला आधीपासून माहीत आहे, तोच शिक्षक इतक्या सहज 'मग दाखव' म्हणू शकतो. विषयावर पक्की मांड असल्याशिवाय असले प्रश्न सुचत नाहीत. प्रश्न विचारून शिकवायला विषय कमी आला तरी चालतो, ही समजूत तरुण शिक्षकांत फार आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

हीच वाट आपल्याकडे दोरीनं काढलेली आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात 'समचतुरश्रस्याक्ष्णयारज्जुर्द्विस्तावतीं भूमिं करोति' असं सूत्र येतं, म्हणजे चौरसाच्या कर्णाची दोरी दुप्पट भूमी करते. तिथेही लांबी मोजायच्या आधी दोरी ताणून दाखवलेली आहे. आकड्यात किती हे विचारणाऱ्यासाठी त्याच ग्रंथात दोनाच्या वर्गमुळाचं जवळचं मूल्यही दिलेलं आहे: १ + १/३ + १/१२ − १/४०८, जे दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बरोबर येतं. ही बेरीज-वजाबाकी मुलांना करायला द्या, ती हरखून जातात.

परत अथेन्सला. 'दाखव' म्हटल्यावर मुलगा शपथ घेऊन म्हणतो, खरंच, सॉक्रेटिस, मला माहीत नाही. सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, याला बधिर केलं त्यात याचं काही नुकसान झालं का? आणि पुढे म्हणतो, मघाशी हा मुलगा पुष्कळ लोकांसमोर, पुष्कळदा, छान बोलला असता की दुप्पट चौरसाला दुप्पट बाजू लागते. मेनोचं मघाचं वाक्य आठवा: हजारदा, मोठ्या सभांमध्ये, उत्तम बोललोय. प्लेटोनं तेच शब्द मालकाकडून उचलून गुलामाच्या अंगावर घातले आहेत, आणि फरक उघडा पडतो. दोघंही चुकले, दोघंही अडले. मुलगा 'माहीत नाही' म्हणून पुढच्या आकृतीकडे पाहत उभा राहतो. मेनो अडला तेव्हा शोध मुळात अशक्य आहे असं सिद्ध करू लागला होता. एवढंच नाही, मुलाचा सगळा प्रसंग डोळ्यांदेखत पाहून झाल्यावर सॉक्रेटिस म्हणतो, चला, आता सद्गुण म्हणजे काय ते दोघं शोधू. तर मेनो म्हणतो, हो, पण मला आपला माझा पहिलाच प्रश्न हवा, तो शिकवता येतो का? समोर जे घडलं त्यातलं काही त्याला लागलेलंच नाही. तुम्ही 'कोण शिकलं' हा प्रश्न मुलापुरता विचारलात. मेनोबद्दलही विचारून पाहा.

आता तुमच्या आक्षेपाचा खरा भाग. यानंतर सॉक्रेटिस चार चौरस शेजारी शेजारी मांडतो आणि प्रत्येकाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापणारी रेघ काढतो. ही रेघ मुलाला सुचलेली नाही. शोध ज्याला म्हणतात तो क्षण सॉक्रेटिसच्या हातून झालाय, यात वाद नाही. तरीही तिथे मुलगा एकदा म्हणतो, मला कळत नाही, आणि सॉक्रेटिसला मागे यावं लागतं: प्रत्येक रेघ आपापल्या चौरसाचा अर्धा भाग आत घेते ना? आतल्या आकृतीत असे अर्धे किती? चार. मूळ चौरसात किती? दोन. चार हे दोनाचे किती पट? दुप्पट. म्हणजे किती फूट? आठ. रेघ कुणाची होती याला इथे महत्त्व उरत नाही. चार अर्धे आणि दोन अर्धे ही तुलना पटली की नाही, ते मुलालाच ठरवायचं होतं, आणि ते त्याच्यासाठी दुसरं कुणी ठरवू शकलं नसतं. माझ्या मते सॉक्रेटिसचा 'मी शिकवलं नाही' हा दावा एवढ्यापुरता टिकतो आणि त्यापुढे टिकत नाही.

मुलाला ज्ञान झालं, असं प्लेटोही म्हणत नाही. यापुढचंच वाक्य पाहा. सॉक्रेटिस म्हणतो, ही मतं आत्ता याच्यात स्वप्नासारखी नुकती जागी झाली आहेत. हेच याला कुणी पुष्कळदा आणि पुष्कळ प्रकारांनी विचारलं, तर शेवटी याला हे कुणाहीइतकं नेमकं कळेल. म्हणजे तासाच्या शेवटी मुलाजवळ आहे ते खरं मत. ज्ञान अजून यायचंय. संवादाच्या उत्तरार्धात हा भेद पुरा होतो. लॅरिसा या थेसलीतल्या शहराचा रस्ता स्वतः चाललेला माणूस आणि नुसत्या बरोबर अंदाजानं सांगणारा माणूस, दोघंही तुम्हाला लॅरिसाला पोचवतील. पण खरी मतं डीडलस या दंतकथेतल्या शिल्पकाराच्या चालत्या पुतळ्यांसारखी असतात, बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात, आणि त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे कारणाचा विचार. सॉक्रेटिस पुढे म्हणतो, हे बांधणं म्हणजेच आठवणं.

यावरून पूर्वजन्माचा प्रश्नही मला सोपा वाटतो. आपल्याला पुनर्जन्माची कल्पना परिचयाची असल्यानं आपण हा भाग आपल्या कल्पनांशी पटकन जुळवून टाकतो. आत्म्यानं मागच्या जन्मांत सगळं पाहिलंय, असं सॉक्रेटिस पुजारी आणि कवींच्या हवाल्यानं सांगतो खरा. पण मुलाला कुठलीही मागची घटना आठवत नाही, तो फक्त ताडून पाहतो. आणि शेवटी सॉक्रेटिस स्वतः म्हणतो, बाकीच्या गोष्टी मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे माहीत नाही ते शोधलं पाहिजे असं मानल्यानं आपण अधिक चांगले, अधिक धीट आणि कमी आळशी होतो, यासाठी मात्र मी बोलण्यातून आणि करण्यातून लढेन. पुनर्जन्म मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही हे वाक्य सारखंच लागू पडतं.

एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या मुलाला नाव नाही. याला भूमिती कुणीच शिकवलेली नाही, हे मेनो खात्रीनं सांगू शकतो, कारण मुलगा त्याच्या मालकीचा आहे. आणि काम झाल्यावर मुलगा संवादातून निघून जातो, परत त्याचा शब्द ऐकू येत नाही. पुष्कळदा आणि पुष्कळ प्रकारांनी विचारलं तर याला ज्ञान होईल, असं सॉक्रेटिस म्हणाला, पण तसं विचारणारं त्याच्या आयुष्यात कुणी असणार नव्हतं. ज्या काळात गुलामाच्या बुद्धीची दखल कुणी घेत नव्हतं, त्या काळात प्लेटोनं ती मालकासमोर सिद्ध केली, हे मी मानते. तरी मुलाच्या वाट्याला एकच तास आला, हेही खरं.

आता वर्ग. तुम्हाला सॉक्रेटिसपेक्षा जास्त सोय आहे: कागद. कर्ण स्वतः काढून देण्याऐवजी मी असं करते. आधी दुप्पट चौरसाची बाजू तोंडी विचारते, 'दुप्पट' असा गजर होतो. चौकटीच्या वहीत काढून मोजा म्हणते. सोळा येतात. मग तीन, मग कुणीतरी हुशार अडीच म्हणतं, सव्वासहा येतात. पावणेतीनही येतं, त्याचे साडेसातच्या थोडे वर भरतात. या टप्प्यावर मुलं गप्प होतात आणि शिक्षकाचा जीव कासावीस होतो, हात आपोआप खडूकडे जातो. तो आवरा. त्याऐवजी प्रत्येकाला कागदाचा चौरस द्या आणि उलटा प्रश्न विचारा: घडी घालून याच्या निम्मा चौरस करून दाखवा. बरीच मुलं दोनदा दुमडतात आणि पाव चौरस मिळतो, म्हणजे 'दुप्पट बाजू'चीच चूक आरशातून परत येते. ती त्यांची त्यांनाच दिसते. मग कुणीतरी चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून दुमडतं. आता सगळीकडे कागद बरोबर दोन पदरी आहे, म्हणजे क्षेत्रफळ निम्मं झालं. घडी उघडली की मुलं पाहतात, मोठ्या चौरसाची बाजू ही आतल्या चौरसाच्या कर्णाएवढीच आहे. दर वर्गात कुणी ना कुणी इथपर्यंत आपणहून येतं. नाहीच आलं, तर एक कोपरा मध्यावर आणून दाखवा, तेवढी मदत केल्यानं काही बिघडत नाही.

मग आठवडाभरानं तो 'पुष्कळ प्रकारांनी' विचारण्याचा भाग, आणि तो बहुतेक जण गाळतात. माझा आवडता प्रश्न असा: चौरसाच्या कर्णावर दुप्पट चौरस मिळतो, मग ३ बाय ४ च्या आयताच्या कर्णावर काढलेला चौरस त्या आयताच्या दुप्पट होईल का? ज्यानं 'कर्ण म्हणजे दुप्पट' एवढंच पाठ केलंय तो हो म्हणतो. आयत १२ चा, दुप्पट २४. कर्ण ५, त्यावरचा चौरस २५. फक्त एकाचा फरक! हा एक कुठून आला? आयताचे अर्धे त्रिकोण, प्रत्येकी ६ चे, असे चार घेऊन कर्णाच्या चौरसात मांडा. चोवीस भरतात आणि मधे १ बाय १ चं भोक उरतं, ४ आणि ३ यांच्या फरकाएवढ्या बाजूचं. मूळ चौरसाच्या बाबतीत दोन बाजूंत फरकच नसतो, म्हणून भोक शून्य, म्हणून बरोबर दुप्पट. हे ज्या मुलाला दिसलं त्याचं मत बांधलं गेलं. शिवाय पायथागोरसच्या सिद्धांताची एक सिद्धता त्याच्या हातात आलेली असते, नाव कळायच्या आधीच.

वेळेचं म्हणाल, तर रोज असं शिकवता येणार नाही आणि तसा आग्रह धरूही नका. व्याख्या, चिन्हं, संकेत ही सरळ सांगायची गोष्ट आहे. सॉक्रेटिसही शेवटी मुलाला सांगतोच की जाणकार या रेघेला कर्ण म्हणतात. ते नाव काही त्यानं त्याच्याकडून आठवून घेतलं नाही. जिथे मुलांची समजूत ठाम आणि चुकीची असते, आणि ती मोजून किंवा करून पाहून पडू शकते, अशा जागा वर्षातून थोड्याच असतात. घनाची बाजू दुप्पट केली की घनफळ किती पट, ऋण संख्यांचा गुणाकार, एखादी किंमत दहा टक्के वाढवून मग दहा टक्के कमी केली तर ती मूळ जागी येते का. अशा जागा आधी हेरून ठेवा आणि तिथे पूर्ण तास द्या. पायथागोरसच्या सिद्धांताला हात घालण्याआधीचा तास 'मेनो'साठी सर्वांत योग्य.

संवाद पुन्हा वाचाल तेव्हा हेन्री एस्टिएननं १५७८ साली छापलेल्या प्रतीचे पृष्ठांक पाहा, ते जवळजवळ सगळ्या भाषांतरांच्या समासात असतात. ८२ ते ८६ एवढाच भाग पेन्सिल घेऊन वाचा. मजकुरात आकृती नाही. सॉक्रेटिस 'ही', 'इथून तिथे', 'या कोपऱ्यातून' असं बोटानं दाखवत जातो. कुठल्या शब्दाला कुठली रेघ, हे स्वतः काढत चला. ८५ च्या सुरुवातीला मुलगा 'मला कळत नाही' म्हणतो, तिथे पोचाल तेव्हा तुमच्या कागदावर नेमक्या किती रेघा आहेत ते मला जरूर कळवा.